गोल्डन गेट पूल पाहायला जाण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूड, औंध, बाणेरच्या कुठल्याही सोसायटीत दोन-चार घरं तरी अशी निघतात, जिथला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात असते. आई-वडील सहा महिन्यांच्या मुक्कामाला जातात, पहिल्याच शनिवार-रविवारी गोल्डन गेटसमोर फोटो निघतो आणि तो फॅमिली ग्रुपवर येतो. माझी नोकरी पुलांच्या डिझाइनमध्ये गेली, त्यामुळे जाण्याआधी आणि परत आल्यावर ओळखीची माणसं हटकून काहीतरी विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, ‘पूल कोणी बांधला’ हे तर फारच. ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

पूल तर लाल-केशरी आहे. मग ‘गोल्डन’ कसा?

नाव पुलाचं नाही, खालच्या सामुद्रधुनीचं आहे. पॅसिफिक महासागर आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर जोडणाऱ्या त्या चिंचोळ्या पाण्याला जॉन फ्रेमाँट या लष्करी अधिकाऱ्याने १८४६ मध्ये हे नाव दिलं. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं ते त्यानंतर, १८४८ मध्ये.

पूल होण्याआधी लोक पलीकडे कसे जायचे?

फेरीबोटीने. सॅन फ्रान्सिस्को तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं शहर आहे. उत्तरेच्या मरीन आणि सोनोमा परगण्यांतला माल आणि माणसं बोटीनेच यायची. गाड्या वाढल्या तशा सुट्टीच्या संध्याकाळी धक्क्यावर लांबच लांब रांगा लागू लागल्या. बोटींचा हा धंदा सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या हातात होता आणि पूल होऊ नये म्हणून कंपनी कोर्टात लढली. विरोध तेवढाच नव्हता. जमीन लष्कराची होती, त्यामुळे युद्धखात्याची परवानगी लागली. नौदलाला भीती होती की पूल पडला तर बंदराचं तोंडच बंद होईल. निसर्गप्रेमींना वाटत होतं की सामुद्रधुनीचं रूप कायमचं बिघडेल. आज जो पूल त्या देखाव्याचा प्राण मानला जातो, तो देखावा बिघडवेल म्हणून लोक सभांमधून तळमळून बोलत होते. त्यांना हसू नये. १९२१ मध्ये जो पहिला आराखडा पुढे आला, तो खरोखरच बेढब होता.

एवढा पैसा कुठून आला? अमेरिकन सरकारने दिला का?

नाही, आणि या गोष्टीचा हा भाग आपल्याकडे कुणालाच माहीत नसतो.

पुलासाठी १९२८ मध्ये स्वतंत्र जिल्हा-मंडळ स्थापन झालं. त्यात सॅन फ्रान्सिस्को, मरीन, सोनोमा, देल नोर्टे हे परगणे पूर्ण आणि नापा व मेंडोसिनोचे काही भाग होते. मंडळाने ३ कोटी ५० लाख डॉलरचे कर्जरोखे काढायचं ठरवलं आणि तारण म्हणून लोकांची घरं, शेतं, दुकानं पुढे केली. म्हणजे टोलातून पैसा उभा राहिला नसता तर मालमत्ता करातून भरपाई झाली असती. ४ नोव्हेंबर १९३० ला मतदान झालं. शेअर बाजार कोसळून जेमतेम वर्ष झालेलं, महामंदी सुरू झालेली. तरी सुमारे १ लाख ४५ हजार मतं बाजूने पडली आणि ४७ हजार विरोधात. ज्यांनी होकार दिला त्यांतल्या कित्येकांची नोकरी उद्या राहील की नाही याची खात्री नव्हती.

मत मिळालं, पण रोखे विकले जाईनात. अखेर १९३२ मध्ये बँक ऑफ अमेरिकेचे ए. पी. जियानिनी यांनी सुरुवातीचे रोखे घ्यायची तयारी दाखवली आणि ५ जानेवारी १९३३ ला काम सुरू झालं. शेवटचा रोखा १९७१ मध्ये फिटला. मुद्दल ३ कोटी ५० लाख, व्याज जवळजवळ ३ कोटी ९० लाख, आणि सगळं टोलातून.

पुण्याला रोख्यांची ओळख तशी उशिरा झाली. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले. पण त्यासाठी तुमच्या-माझ्या घराचं तारण कुणी मागितलं नव्हतं. आपण ‘हो’ म्हटलं असतं का, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. उत्तर देण्याआधी बहुतेक जण थोडा वेळ घेतात.

झुलता पूल म्हणजे तो झुलतो का? आणि नेमका कशावर उभा असतो?

दोन काठ्यांवरून ताणलेली कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांसमोर आणा. कपड्यांचं वजन दोरीला खाली ओढतं, दोरी काठ्यांना खाली दाबते आणि दोरीची टोकं भिंतीतल्या खिळ्यांना आत ओढतात. झुलत्या पुलात रस्ता म्हणजे ते कपडे, दोरी म्हणजे मुख्य केबल, काठ्या म्हणजे मनोरे आणि खिळे म्हणजे दोन्ही काठांवर जमिनीत गाडलेले काँक्रीटचे अजस्र ठोकळे. त्यांना आमच्या धंद्यात अँकरेज म्हणतात. फोटोत मनोरे दिसतात, अँकरेज कुणी पाहत नाही. पण तो ठोकळा सरकला तर पूल संपला.

आता आकडे. दोन मनोऱ्यांमधलं अंतर ४,२०० फूट, म्हणजे १,२८० मीटर. १९३७ पासून १९६४ पर्यंत हा जगातला सर्वांत लांब गाळा होता. मनोरे पाण्यापासून ७४६ फूट उंच. मुख्य केबल दोन, प्रत्येकीचा व्यास साधारण ९२ सेंटिमीटर, आणि प्रत्येकीत २७,५७२ तारा. दोन्ही केबलींमधली तार सरळ केली तर सुमारे १ लाख २९ हजार किलोमीटर भरते, म्हणजे विषुववृत्ताला तीनदा गुंडाळून वर उरते.

आणि हो, हलतो. हलणं हा दोष नाही, तसं डिझाइनच आहे. जोराच्या वाऱ्यात मधला भाग आडवा २७ फुटांपेक्षा जास्त सरकू शकेल आणि भार व तापमानामुळे १० फुटांहून अधिक खाली जाऊ शकेल, हे हिशेबात धरलेलं आहे. कडक उन्हात पोलाद प्रसरण पावतं, केबल लांबते आणि रस्ता किंचित खाली येतो. गाडीत बसून हे काही जाणवत नाही.

एवढी जाड केबल वर कशी चढवली?

चढवली नाही, वरच विणली. पेन्सिलीपेक्षा बारीक तार फिरत्या चाकांवरून एका अँकरेजपासून दुसऱ्यापर्यंत नेत, परत आणत, हजारो वेळा. मग सगळ्या तारा एकत्र दाबून गोल केल्या. हे काम रोबलिंग कंपनीने साधारण सहा महिन्यांत पूर्ण केलं. याच घराण्याने त्याआधी न्यू यॉर्कचा ब्रुकलिन पूल उभारला होता.

पाया समुद्रात कसा घातला?

उत्तरेचा मनोरा काठाला लागून आहे, त्यात फार नाट्य नाही. दक्षिणेचा मात्र किनाऱ्यापासून सुमारे १,१०० फूट आत, उघड्या महासागराच्या तोंडाशी आहे. तिथपर्यंत जायला आधी तात्पुरता मचाण-रस्ता बांधला. ऑगस्ट १९३३ मध्ये धुक्यात वाट चुकलेलं एक मालवाहू जहाज त्यावर आदळलं. दुरुस्ती केली, तर वर्षअखेरच्या वादळांनी पुन्हा मोडला. पाण्यात बुडी मारणाऱ्या कामगारांना काम करायला मिळायची ती भरती-ओहोटी पालटतानाची थोडीशी शांत मिनिटं. एरवी प्रवाहात उभं राहणंच अशक्य. शेवटी तळातून काँक्रीटची लंबगोल भिंत वर आणली, आतलं पाणी उपसून काढलं आणि समुद्राच्या मधोमध कोरड्या खड्ड्यात खांब उभारला. ती भिंत आजही जहाजांच्या धडकेपासून मनोऱ्याचं रक्षण करते. पुलावरून खाली वाकून पाहिलंत तर दिसेल.

तळाचा खडक भार पेलेल की नाही यावर दोन मोठे भूगर्भशास्त्रज्ञ हमरीतुमरीवर आले होते. बर्कलीचे अँड्र्यू लॉसन ‘चालेल’ म्हणत होते, स्टॅनफर्डचे बेली विलिस ‘धोका आहे’ म्हणत होते. लॉसन यांचं मानलं गेलं आणि मनोरा आजवर जागचा हललेला नाही.

मग पूल नेमका कोणी बांधला? तिथे तर एकाच माणसाचा पुतळा आहे.

पुतळा जोसेफ स्ट्रॉस यांचा. १९४१ मध्ये उभारला, आणि ‘पूल बांधणारा माणूस’ अशी त्यांची ओळख तिथेच कोरली गेली. स्ट्रॉस मुख्य अभियंता होते, पण त्यांचा हातखंडा उचलता येणाऱ्या छोट्या पुलांमध्ये होता. एवढ्या लांबीचा झुलता पूल त्यांनी कधी केलेला नव्हता. वर ज्या बेढब आराखड्याचा उल्लेख आला, तो त्यांचाच.

पुढच्या आठ-नऊ वर्षांत तो आराखडा बदलत गेला. लिऑन मोइसेफ हे न्यू यॉर्कचे सल्लागार झुलत्या पुलांच्या नव्या गणिताचे जाणकार होते. गाळा खूप लांब असेल तर केबलचं स्वतःचं वजनच पुलाला स्थिर ठेवतं, म्हणून रस्त्याचा सांगाडा हलका आणि सडपातळ ठेवता येतो, हे त्यांच्या मांडणीचं सार. त्यावरून निखळ झुलत्या पुलाचा विचार पक्का झाला. पण विचार आणि नकाशा यांच्यामध्ये हजारो पानांची आकडेमोड असते. प्रत्येक खांबावर किती दाब, वाऱ्याचा जोर कुठे किती, मनोरा किती वाकेल, प्रत्येक जोडाला किती रिव्हेट, म्हणजे पोलादाचे भाग जोडणारे खिळे. ती आकडेमोड स्ट्रॉस यांच्या कार्यालयातल्या चार्ल्स एलिस यांनी केली.

एलिस हे इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक. मूळ पदवी गणित आणि ग्रीक भाषेची. १९२२ मध्ये ते स्ट्रॉस यांच्याकडे आले. १९३० आणि ३१ ही दोन वर्षं त्यांनी या पुलात स्वतःला गाडून घेतलं. संगणक नव्हता. स्लाइड रूल ही आकडेमोडीची सरकती पट्टी, कागद आणि मोइसेफ यांच्याशी तारांनी (टेलिग्रामने) चाललेली देवाणघेवाण, एवढंच. स्ट्रॉस यांना ही दिरंगाई आणि तारांवरचा खर्च दोन्ही खुपू लागलं. पुलाच्या डिझाइनबद्दल लोक एलिस यांचं नाव घेऊ लागले होते, हेही त्यांना मानवलं नसावं, असं माझं मत आहे. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी एलिस यांना रजेवर पाठवलं आणि रजा संपायच्या आतच कळवलं की काम दुसऱ्याकडे सोपवा, परत येऊ नका.

तेव्हा मंदी ऐन भरात होती. एलिस यांना दुसरी नोकरी मिळेना. त्या बेकारीच्या दिवसांत त्यांनी काय केलं? मनोऱ्यांच्या गणितात कच्चे दुवे राहिल्यासारखे वाटत होते म्हणून घरी बसून, विनापगार, कित्येक महिने ते सगळं पुन्हा तपासत राहिले. ज्या पुलाशी आपला आता कागदोपत्री संबंध नाही, त्याच्यासाठी. मी स्वतः या कामात असल्यामुळे मला यात मोठेपणाइतकीच एक ओळखीची अस्वस्थताही दिसते. आकडा जुळत नसेल तर झोप लागत नाही. पुढे ते पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९४९ मध्ये वारले.

पूल पूर्ण झाला तेव्हा मनोऱ्यावर लावलेल्या पाटीवर मुख्य अभियंता, सहायक अभियंता, सल्लागार, संचालक अशी बरीच नावं आहेत. एलिस यांचं नाही. स्ट्रॉस यांनी लिहिलेल्या अहवालातही नाही. उद्घाटनाच्या दिवशी दोन लाख माणसं पुलावरून चालली, त्यांतल्या कुणालाही हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

जुनी पत्रं, तारा, हिशेबाचे कागद १९८० च्या दशकात धुंडाळले गेले, तेव्हा ही गोष्ट पहिल्यांदा सर्वांसमोर आली. तरी पुलाच्या मंडळाने अधिकृतपणे एलिस यांना डिझाइनचं मुख्य श्रेय दिलं ते २००७ मध्ये, पुलाला ७० वर्षं होताना. २०१२ मध्ये, पंचाहत्तरीच्या वर्षी, त्यांच्या नावाची पाटी लागली. माणूस जाऊन तोवर ६३ वर्षं झाली होती.

माझी एक विनंती आहे. तुम्ही गेलात तर स्ट्रॉस यांच्या पुतळ्यापाशी फोटो जरूर काढा, पण नातवंडांना चार्ल्स एलिस हे नाव सांगा.

म्हणजे स्ट्रॉस यांचं काहीच श्रेय नाही?

तसं मुळीच नाही. ‘हा पूल होणं शक्य नाही’ असं म्हणणाऱ्यांना पुरून उरणारा माणूस लागतो आणि तो स्ट्रॉस होते. गावोगाव सभा घेणं, शेतकऱ्यांना पटवणं, कोर्टकचेऱ्या, युद्धखातं, पैसा, हे सगळं त्यांनी दशकभर ओढलं. कामगारांच्या सुरक्षेसाठी त्यांनी जो हट्ट धरला, त्याला त्या काळात तोड नव्हती. पूल उघडल्यावर वर्षभरातच, मे १९३८ मध्ये, ते गेले. त्यांनी पूल घडवून आणला, हे खरं. गणित दुसऱ्याचं होतं, एवढंच त्यांनी सांगायला हवं होतं.

मोइसेफ यांचं पुढे काय झालं?

त्यांच्याच विचाराने वॉशिंग्टन राज्यात टाकोमा नॅरोज पूल झाला. जुलै १९४० मध्ये उघडला आणि ७ नोव्हेंबर १९४० ला साध्या जोरकस वाऱ्यात पिळवटून पाण्यात पडला. सुदैवाने माणूस गेला नाही. रस्त्याचा सांगाडा इतका पातळ आणि बंदिस्त केला होता की वारा आरपार जाईना आणि पूल स्वतःच वाऱ्यातून ताकद घेऊन जास्त जास्त पिळत गेला. त्याची चित्रफीत आजही सिव्हिलच्या वर्गात दाखवतात. मोइसेफ १९४३ मध्ये वारले.

गोल्डन गेटचा सांगाडा २५ फूट खोल आणि जाळीदार आहे, त्यामुळे तो वाचला. तरी १ डिसेंबर १९५१ च्या वादळात तो इतका हेलकावला की वाहतूक थांबवावी लागली. नंतर १९५३-५४ मध्ये खालच्या बाजूने पोलादी आडवे बंध घालून त्याला पिळाविरुद्ध घट्ट केलं.

बांधताना किती कामगार गेले?

११. त्या काळी ‘दहा लाख डॉलरच्या कामामागे एक जीव’ असा हिशेब बांधकामात सरसकट धरला जायचा. हे काम साडेतीन कोटींचं. स्ट्रॉस यांनी हा हिशेबच नाकारला. डोक्यावर कडक टोपी सक्तीची केली आणि सव्वा लाख डॉलरहून अधिक खर्चून पुलाखाली टोकापासून टोकापर्यंत जाळी बांधली. त्या जाळीने १९ जणांचे प्राण वाचवले. त्या १९ जणांनी स्वतःचा एक गट केला आणि त्याला ‘हाफवे टू हेल क्लब’ म्हणू लागले.

ऑक्टोबर १९३६ पर्यंत एकही मृत्यू नव्हता. १७ फेब्रुवारी १९३७ ला, काम संपत आलेलं असताना, एक मोठी परांची सुटली आणि जाळी फाडून खाली गेली. तिच्यासोबत १२ माणसं गेली, १० परतली नाहीत.

मृत्यू मोजले जातात, आजार मोजले जात नाहीत. मनोऱ्यांच्या आत बंद कप्प्यांत तापवलेले रिव्हेट ठोकताना शिसं मिसळलेला रंग जळून धूर निघायचा आणि त्याने कित्येक जणांना विषबाधा झाली. मग तो रंग बदलला.

रंग असाच का?

पोलाद आलं तेच गंजरोधक तांबूस लेप लावून. वास्तुविशारद आयर्विंग मॉरो यांना तो रंग टेकड्यांशी आणि धुक्याशी फार छान जुळतो असं दिसलं आणि त्यांनी त्याच्याच जवळचा ‘इंटरनॅशनल ऑरेंज’ धरून ठेवला. नौदलाला काळे-पिवळे पट्टे हवे होते, हवाई दलाला लाल-पांढरे. मॉरो आणि त्यांच्या पत्नीने मनोऱ्यांवरच्या उभ्या खाचा, दिवे, कठडे असं बरंच काही ठरवलं. ऊन तिरपं पडलं की त्या खाचांमधल्या सावल्या पाहा.

एका टोकाकडून रंगवत जातात आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पुन्हा सुरुवात करावी लागते, हे खरं?

नाही. जिथे खारं वारं रंग खातं तिथे डागडुजी चालते. ती मात्र कायम.

१९८७ मध्ये गर्दीने पूल सपाट झाला होता म्हणतात. पडला असता का?

२४ मे १९८७, पन्नाशीचा सोहळा. मंडळाच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे ३ लाख माणसं एकाच वेळी पुलावर आली. एरवी मधोमध उंचवट्यासारखा दिसणारा रस्ता सपाट झाला, मध्यभाग सुमारे ७ फूट खाली गेला. पुलाने आयुष्यात पेललेला तो सर्वांत मोठा भार. गाड्यांपेक्षा दाटीवाटीने उभी माणसं जागेच्या मानाने जास्त वजनाची होतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तरी भार केबलींच्या ताकदीच्या आतच होता. शिवाय १९८२ ते ८६ मध्ये जुना काँक्रीटचा रस्ता काढून हलका पोलादी बसवला होता.

हा प्रश्न आता गमतीने कुणी विचारत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत मोरबीचा झुलता पूल पडून १३५ जण गेले. चौकशीत मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या निघाल्या. आणि १५ जून २०२५ ला आपल्याच मावळात, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, ४ जण गेले. गोल्डन गेट १९८७ मध्ये टिकला तो दैवाने नव्हे. तारा तपासणारी, गंज खरवडणारी, मुख्य केबलपासून रस्त्याला धरून ठेवणारे लटकते दोरखंड वेळेवर बदलणारी माणसं तिथे रोज कामावर असतात. ते दोरखंड १९७२ ते ७६ मध्ये सगळे बदलले. पावसाळ्यात आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पुलावर ‘वापरू नये’ असा फलक दिसला तर कृपा करून मागे फिरा.

भूकंपात?

१९८९ च्या ६.९ तीव्रतेच्या भूकंपात पुलाला इजा झाली नाही. तरी १९९७ पासून टप्प्याटप्प्याने मजबुतीकरण सुरू आहे.

पुलाखाली आता नवी जाळी दिसते, ती कसली?

या पुलावरून उडी घेऊन दीड हजारांहून जास्त माणसांनी जीव दिला. त्यांच्या आई-वडिलांनी, भावंडांनी वर्षानुवर्षं मंडळाच्या बैठकांना जाऊन आपली माणसं कोण होती ते सांगितलं. पुलाचं रूप बिघडेल, खर्च फार, असे आक्षेप येत राहिले. २००८ मध्ये पोलादी जाळीचा निर्णय झाला, काम पूर्ण झालं २०२४ च्या सुरुवातीला. १९३६ मध्ये कामगारांसाठी जाळी लागली, बाकीच्यांसाठी लागायला इतकी वर्षं गेली. मी ती जाळी पुलाचा सर्वांत सुंदर भाग मानतो. आपल्यापैकी कुणाला अशा विचारांनी घेरलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

पूल गातो, हे खरं का?

हो, २०२० पासून. वाऱ्याचा रेटा कमी करायला पश्चिमेच्या कठड्याच्या पट्ट्या बारीक केल्या. विशिष्ट दिशेने जोराचा वारा आला की त्यांतून घुमणारा सूर निघतो, तो मैलोगणती ऐकू जातो.

पुण्यात असा पूल का नाही?

गरज नाही म्हणून. मुठेचं पात्र काही शे फुटांचं, मधे खांब टाकायला कुणाची हरकत नाही, खालून जहाजं जात नाहीत. झुलता पूल तिथे शोभतो जिथे मधे खांब टाकताच येत नाही.

पण पुलांच्या आठवणींत पुणं कुणाला हार जाणार नाही. पेशवाईतला लाकडी पूल जाऊन तिथे दगडी आला, छत्रपती संभाजी पूल असं नावही दिलं, तरी रिक्षावाल्याला आपण ‘लकडी पूल’च सांगतो. शनिवारवाड्याजवळचा शिवाजी पूल १९२३ चा, मूळ नाव लॉइड ब्रिज, शंभरी ओलांडली तरी तो ‘नवा पूल’. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठल्या पुलावरून कसं गेलं, हे ज्यांनी पाहिलं ते आजही काल घडल्यासारखं सांगतात. खडकवासल्यातून पाणी सोडलं की ‘भिडे पूल पाण्याखाली गेला का?’ हा पहिला प्रश्न. मात्र यांतला एखादा पूल कोणी डिझाइन केला, गवंडी कोण होते, हे विचारलं तर आपणही गप्प होतो. आजी-आजोबांकडे यातलं काही असेल तर लिहून ठेवा, फोनवर रेकॉर्ड करा. एलिस यांचं नाव कागद शिल्लक राहिले म्हणून परत आलं.

या जागेशी मराठी माणसाचा काही संबंध?

पुलाशी नाही, सॅन फ्रान्सिस्कोशी आहे, आणि तो पुणे जिल्ह्याचा आहे. तळेगाव ढमढेरे गावचा विष्णू गणेश पिंगळे इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेला आणि गदर या इंग्रज सत्तेविरुद्धच्या क्रांतिकारी चळवळीत ओढला गेला. चळवळीचं मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत होतं, ‘गदर’ पत्र १९१३ पासून तिथूनच निघायचं. १९१४ मध्ये पिंगळे उठावासाठी भारतात परतला. १६ नोव्हेंबर १९१५ ला त्याला चळवळीतला सहकारी कर्तारसिंग सराभाबरोबर लाहोरच्या तुरुंगात फाशी दिलं. शहरात ५, वूड स्ट्रीट इथे गदर स्मारक आहे. पूल पाहायला जाणारे शंभर, तिथे जाणारा एखादा. तुम्ही जा.

पाहायला कधी जावं? चालत जाता येतं का? टोल?

जून ते ऑगस्ट धुकं दाट, सप्टेंबर-ऑक्टोबर बहुधा स्वच्छ. उन्हाळ्यातही स्वेटर घ्या, वारा बोचरा असतो. पायी दिवसा पूर्वेच्या पदपथावरून जाता येतं, फुकट. टोल फक्त शहराकडे येणाऱ्या गाड्यांना आणि २०१३ पासून रोख घेत नाहीत, गाडीच्या नंबरवरून वसूल होतो. भाड्याची गाडी असेल तर कंपनीला आधी विचारा. दक्षिण टोकाला केबलचा कापलेला तुकडा ठेवला आहे, हात लावून पाहा. खाली फोर्ट पॉइंट हा विटांचा जुना किल्ला आहे. पुलाच्या कामात तो पाडायचं घाटत होतं, त्याऐवजी वरून पोलादी कमान घेतली आणि किल्ला वाचवला. त्याच्या अंगणातून वर पाहिलंत की पुलाचा सांगाडा सगळ्यात नीट समजतो, आणि गुडघे दुखत असतील तर पुलावर चालण्यापेक्षा ते सोपंही आहे.